एकट्याचा अल्बम

माझ्याच घरात मला नळ सोडायची चोरी झाली होती, आणि ती माझ्या पोटच्या पोरानं केली होती. मिक्सर लावायचा नाही. खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. संडासात पाणी टाकायचं असेल तर तो बाहेर येईपर्यंत थांबायचं. शिंक आली तर पदरात तोंड खुपसायचं. सकाळी थोरला मागच्या खोलीत शिरायचा, कडी लावायचा आणि त्याआधी दाराच्या मुठीला एक लाल फडकं अडकवायचा. फडकं दिसलं की बाकीच्यांनी मेल्यासारखं पडून राहायचं. मी उभ्या जन्मात नवऱ्याला भ्यायले नाही, सासूला भ्यायले नाही, आणि या वयात एका फडक्याला भिऊन चवड्यांवर चालत होते.

ती मागची खोली माझी. तिथं उभी राहून मी गावभरच्या शर्टांना इस्त्री केली आणि दोन पोरं वाढवली. धाकटी लग्न होऊन लांब गेली, थोरला इथंच राहिला. माझं इस्त्रीचं टेबल त्यानं जिन्याखाली उभं केलं. माझी गादी खिडकीला लावली, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. गोधड्या भिंतींना ठोकल्या, खिळ्यांनी. मी म्हटलं, अरे, मी कशावर झोपू? तर म्हणाला, आई, थोडेच दिवस. त्याचे थोडे दिवस कसे असतात ते त्याच्या बापावरून मला ठाऊक होतं.

म्हणे अल्बम करतोय. एकट्याचा.

आता हे सांगायला हवं की थोरला साधासुधा गिटारवाला नाही. त्याचा बँड होता, चौघांचा, आणि त्यांची गाणी रिक्षात लागायची, केस कापायच्या दुकानात लागायची. मला ती कधी कळली नाहीत. भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलल्यासारखं वाटायचं. पण एकदा त्यानं मला हट्टानं नेऊन पुढच्या रांगेत बसवलं होतं. मधेच बाकीचे थांबले आणि हा एकटा वाजवत राहिला, आणि माझ्या शेजारची एक पोरगी, ओळख ना पाळख, माझा हात धरून रडायला लागली. मी तिला हात धरू दिला. घरी येऊन म्हटलं, "आवाज फार मोठा होता." एवढंच म्हटलं. पोरांना डोक्यावर बसवायची आपल्याकडे पद्धत नाही.

मग एक दिवस बँड मोडला. एका कार्यक्रमात हा गाणं अर्धं टाकून स्टेजवरून उतरला, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघांना तोंडावर सांगितलं, की तुमच्याबरोबर वाजवून माझं वाजवणं खराब होतंय, इथून पुढं मी एकटा. ड्रम, गिटार, सगळं मीच वाजवणार. लोक म्हणाले, डोक्यात हवा गेली. भाजीवाली मला म्हणाली, "मावशी, तुमचा मुलगा लई चढलाय म्हणे." मी म्हटलं, "चढायला उंची लागते बाई. तू तुझा तराजू बघ." खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं होतं. आमच्या रक्तात थोडा ताठा आहेच. तो माझ्याकडून आलाय आणि मला त्याची लाज नाही.

तर असा तो अल्बम. कानांवर मोठाले डबे लावून हा वाजवत बसायचा. विजेची गिटार, तिचा खरा आवाज तारेतून कॉम्प्युटरात आणि तिथून त्याच्या एकट्याच्या कानात. बाहेर आम्हाला नुसतं टिकटिक टिकटिक. कुणी नखानं ताटाची कड खाजवावी तसं. जग ज्याला अल्बम म्हणणार होतं तो मला असा ऐकू आला. बटाटे सोलता सोलता माझ्या बोटांना त्या टिकटिकीची चाल पाठ झाली. कुठं ती धावते, कुठं दम घेते, आणि कुठं अडखळते. अडखळायची जागा ठरलेली. तिथं आली की टिकटिक थांबायची, दार उघडायचं, आणि हा लाल डोळ्यांनी बाहेर.

"नळ कोणी सोडला?"

"मी. तांदूळ धूत होते."

"आई, सगळं वाया गेलं. पुन्हा पहिल्यापासून. कितीदा सांगायचं?"

कधी नळ, कधी चप्पल, कधी सुनेची बांगडी. सूनबाई दातांच्या दवाखान्यात कामाला जाते, दिवसभर लोकांच्या तोंडातला लाळेचा पाइप धरून उभी असते, आणि घरी येऊन हिनं बांगड्या काढून ठेवायच्या. तीही काढायची बिचारी. मी तिला म्हणायचे, "तू फार ऐकतेस त्याचं." ती नुसती हसायची. त्या हसण्यात काही आहे हे मला तेव्हा दिसलं नाही.

एक दिवस थोरला गिटारच्या तारा आणायला बाजारात गेला होता आणि दारात ढोल्या उभा. ढोल्या म्हणजे बँडचा ड्रमवाला. पोट तसंच आहे, नावही तेच. आता टायरच्या दुकानात काम करतो. बँड मोडल्यापासून आमच्याकडे फिरकला नव्हता.

"काकू, माझा एक स्टँड राहिलाय. तो घरी नसताना नेतो. समोर आला तर उगाच शब्दाला शब्द वाढायचा."

"ये. पण हळू चाल."

"का? कोण झोपलंय?"

"कोणी नाही. सवय झाली." मी त्याला चहा दिला. त्यानं खुर्ची ओढली आणि मी दचकले. मग मी त्याला सगळं सांगितलं, नळाचं, बांगड्यांचं, फडक्याचं. ढोल्या कपात बघत ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, काय वाजवतो तो आत? साधी लाकडी गिटार?"

"नाही रे. तीच. विजेची."

"माइक लावतो समोर?"

"माइक नाही. तार लावतो, कॉम्प्युटरात."

ढोल्या हसला, पण अर्ध्यातच थांबला. "काकू, मग घरात भांड्यांची मांडणी कोसळली तरी त्यात यायची नाही. तार थेट आत जाते. त्याला ऐकायला कान कुठंयत? खोलीतला आवाज त्यात येतच नाही."

"तू त्याच्यावर चिडलायस म्हणून बोलतोस."

"चिडलोय तर आहेच. पण हे कुणालाही विचारा." त्यानं कप खाली ठेवला. "त्याला हे माहीत नाही असं होणारच नाही. त्यानंच मला शिकवलंय."

तो स्टँड घेऊन गेला. मी ओट्याशी उभी राहिले आणि नळ सोडला. पूर्ण सोडला. आणि पाणी वाहताना बघत राहिले. मला एकच कळत नव्हतं. नळाचा आवाज आत जात नाही, तर माझं पोरगं इतके दिवस माझ्यावर कशाबद्दल ओरडत होतं?

दुसऱ्या दिवशी फडकं लागलं तरी मी दाराशी गेले. कडी लागलेली असायची, पण त्या दाराची कडी माझ्या ओळखीची. दार जरा वर उचलून ढकललं की सुटते. आत गेले. तो पाठमोरा, कानांवर डबे, त्याला पत्ता नाही. डावा हात गिटारच्या मानेवर पळत होता, आणि बघवत नाही इतका सुंदर पळत होता. मग ती ठरलेली जागा आली. आणि त्याची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, हळूच तळव्याकडं वळली. कुणी आतून दोरा ओढावा तशी. त्यानं वाजवणं थांबवलं. उजव्या हातानं ती दोन बोटं धरून सरळ केली, जसं लहान मुलाला धरून उभं करतात. पुन्हा सुरू केलं. पुन्हा वळली. पुन्हा सरळ केली. मी चौथीच्या पुढं शाळेत गेले नाही, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. मी आल्या पावली बाहेर आले आणि कडी तशीच परत पाडली.

त्याच संध्याकाळी मुद्दाम त्याला सुई दिली. म्हटलं, "मला दिसत नाही, दोरा ओवून दे." त्याच डाव्या हातात सुई धरून त्यानं पहिल्या झटक्यात दोरा ओवला. मग मी घट्ट बसलेली बरणी दिली. उघडली. बादली उचलायला लावली. उचलली.

"आज काय काम काढलंस गं माझ्यामागं?" तो म्हणाला.

"आई आहे. काढीन."

रात्रीची भांडी आवरताना सुनेला विचारलं. तिचा हात ताटावर थांबला. "आई, मला आधीपासून माहीत आहे. स्टेजवरून उतरले त्या दिवसापासून. त्यांनी शप्पथ घातली होती कुणाला न सांगायची. तुम्हाला तर नाहीच."

"मला तर नाहीच म्हणजे?"

"म्हणाले, आईला कीव करता येत नाही आणि घेता येत नाही. तिला घमेंडखोर मुलगा चालेल."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि धुतलेलं पुन्हा धुतलं. 

नळ, चपला, बांगड्या हे सगळं त्याला लागत होतं. चूक कुणाची तरी असायला हवी होती, आणि त्याच्या हाताची ती असून चालणार नव्हतं. मी इतके दिवस चवड्यांवर चालले ते यासाठी.

मग मी त्याला धारेवर धरलं, आणि तो रडला नाही, भांडला नाही, नुसता म्हणाला, "कळलं ना आता. बस." डॉक्टरकडे मीच बरोबर गेले. डॉक्टर तरुण होता, टेबलावर प्लास्टिकचा एक हात ठेवलेला, हाडं दिसणारा. त्यानं थोरल्याला मूठ वळायला लावली, बोटं एकेक करून टेकवायला लावली, सुईनं टोचून पाहिलं. म्हणाला, हात उत्तम आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, गिटार आणलीय. आता बघा." थोरला वाजवू लागला आणि बोटं वळली. डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकला. त्यानं आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. म्हणाला, हाताला काही नाही झालेलं, डोक्यातून हाताला जो हुकूम जातो तो चुकतो. एकच काम वर्षानुवर्षं, फार बारकाईनं केलं की कुणाकुणाचं असं होतं. फक्त त्या एका कामापुरतं.

"म्हणजे जास्त मेहनत केली म्हणून?"

"तसंच म्हणा."

"मग आळशी माणसाला होत नाही हे?"

"सहसा नाही."

मी थोरल्याला लहानपणी आळशी म्हणून किती बदडलंय. डॉक्टरला म्हटलं, "औषध द्या." त्यानं इंजेक्शनं दिली. हात आधी ढिला पडला, मग पुन्हा तसाच झाला. परत येईल का, विचारलं. म्हणाला, काहींचा येतो. बघू. डॉक्टरच्या तोंडून बघू ऐकलं की मला त्या प्लास्टिकच्या हातानंच त्याला एक द्यावीशी वाटे.

घरी मी तेल लावलं. शेक दिला. बोटांना पट्टी बांधली. एकदा त्याच्या बोटांवर खेकसले, समोर धरून, जशी कुत्र्यावर खेकसते. तो हसला. त्या महिन्यातलं ते एकच हसणं.

मग सूनबाईनं दवाखान्यातून तो पातळ रबरी हातमोजा आणला, दातवाले घालतात तो. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कातडीला वेगळं काही लागलं की हात फसतो. थोरला आधी म्हणाला, काय मूर्खपणा आहे. मग घातला. आणि वाजवलं. मी बाहेर ओट्याशी होते. टिकटिक त्या ठरलेल्या जागेपाशी आली आणि पुढं गेली. थांबली नाही. पुढं, आणखी पुढं, मी आजवर न ऐकलेल्या भागात गेली. सूनबाईनं माझा दंड धरला. आम्ही दोघी हलायला तयार नाही. तो बाहेर आला तेव्हा मोज्यातला हात घामानं पांढरा पडला होता आणि तो म्हणाला, "आई, जेवायला काय आहे?" कितीतरी दिवसांनी त्यानं हे विचारलं होतं.

ते दिवस थोडे होते. त्यात त्यानं बरंच काही उरकलं. मग एका सकाळी मोजा घातलेली बोटं वळली. सूनबाईनं जाड मोजा आणला, मग लोकरीचा, मग बोटं कापलेला. त्या हातानं एकेक मोजा ओळखला. मला त्या हाताचा राग यायचा, आणि राग काढायचा कुणावर, तो त्याच्याच मनगटाला जोडलेला.

इथं मी ढोल्याला निरोप पाठवला. शप्पथ सुनेला घातली होती, मला नाही. ढोल्या टायरच्या काळ्या हातांनी तसाच आला. मी सांगितलं तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "काकू, मी त्याला काय काय बोललो." मी म्हटलं, "त्यानंही तुला कमी बोललं नाही. जा आत." दोघं आत काय बोलले मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ढोल्या कामावरून सुटला की यायचा. थोरला चार सूर वाजवायचा, थांबायचा, बोटं सरळ करायचा, पुढचे चार वाजवायचा. ढोल्या कॉम्प्युटरात ते तुकडे जोडायचा. गोधडी शिवतात तसं. बाहेर मला ऐकू यायचं, टिकटिकटिकटिक, गप्प. टिकटिकटिकटिक, गप्प. अशी एकेक करून सगळी गाणी जोडून झाली.

एकच राहिलं, शेवटचं. ते तुकड्यांचं नको, असं थोरल्याचं म्हणणं. एक तरी गाणं एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी वाजवलेलं असायला हवं. नाहीतर मी गिटारवाला कसला, शिंपी झालो. अल्बम काढणाऱ्या कंपनीचे फोन यायचे. वर छापायचा फोटो तयार, तारीख दिलेली, ती निघून गेली, दुसरी दिली, तीही जवळ आली. आणि फडकं पुन्हा दारावर. पुन्हा तेच. तीच जागा, तेच थांबणं.

आता मी जे केलं ते सांगते. टिकटिक अडखळली की मी झाकण पाडायचे. मुद्दाम. किंवा नळ सोडायचे. कारण दार उघडून तो बाहेर आला आणि घर गप्प असलं, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. ओरडायला कुणी असलं की जरा बरं. तो ओरडायचा, मी म्हणायचे, चुकलं बाबा, तो आत जायचा. तो म्हणालाच होता ना, कीव मला करता येत नाही. मला दुसरं काय करता येणार होतं? सूनबाईनंही बांगड्या पुन्हा घातल्या. आम्ही एकमेकींना काही बोललो नाही. त्यालाही कळत असणार. तीन शहाणी माणसं, आणि त्या घरात रोज झाकणं पडत होती.

काल दुपारी ढोल्या कंपनीचा निरोप घेऊन आला. आज देणार असाल तर द्या, नाहीतर सोडून द्या. थोरला म्हणाला, "एकदा शेवटचं वाजवतो. मग बघू." आत गेला. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. ढोल्याच्या मांडीवर त्याचे हात, आणि बोटं नकळत ताल धरत होती. सूनबाईच्या हातात पातेल्याचं झाकण होतं, पुसायला घेतलेलं. टिकटिक सुरू झाली. धावली. दम घेतला. पुन्हा धावली. मी मनात त्याच्या बरोबर पळत होते, त्याच्या लहानपणी सायकलमागं पळायचे तशी, सीट धरून. ती जागा आली. टिकटिक थांबली.

दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा, डबे गळ्यात लोंबकळत.

"कोणी आवाज केला?"

सूनबाईनं तोंड उघडलं. "मी. माझ्या हातून झाक..." मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"कोणी केला नाही," मी म्हटलं.

"मला ऐकू आलं."

"कानांवर एवढाले डबे असताना तुला छप्पर पडलं तरी ऐकू आलं नसतं. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो."

तो ढोल्याकडे बघायला लागला. ढोल्यानं मान खाली घातली. मग बायकोकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. असं तो लहानपणी बघायचा, शिक्षा किती होणार याचा अंदाज घेत. मला वाटलं उठून त्याला जवळ घ्यावं, पण मी बसल्या जागेवरूनच बोलले.

"इकडं बघ माझ्याकडं. डॉक्टर म्हणतो, बघू. ही म्हणते, विश्रांती घ्या. हा बिचारा म्हणतो, हेही तुकड्यांनी जोडू, कुणाला कळायचं नाही. कुणीतरी तुला सांगायला हवं म्हणून मी सांगते. तुझा हात गेला. कुणाची नजर लागली नाही, नळानं गेला नाही, माझ्या चपलांनी गेला नाही. परत यायचा तेव्हा येईल, न यायचा तर नाही येणार, माझ्या हातात असतं तर माझे दोन्ही काढून दिले असते, पण ते इस्त्रीचे आहेत, तुझ्या कामाचे नाहीत. ती बाकीची गाणी तू वाजवलीस. चार चार सुरांनी वाजवलीस, तरी तूच. ती चांगली आहेत का वाईट, मला कळत नाही, आणि कळतं असं मी म्हणणार नाही. हे शेवटचं तुला जमलं नाही. ते सोडून बाकीची आज याच्याकडं दे. लोक विचारतील, एक कमी का? तर सांग, हात गेला म्हणून. तुला लोकांनी घमेंडखोर म्हटलेलं चालतं, बिचारा म्हटलेलं चालत नाही, ते मला कळतं रे, माझ्याइतकं कुणाला कळणार. म्हणतील बिचारा. म्हणू देत. तुझा बाप गेला तेव्हा गल्लीनं मला बिचारी म्हटलं, मी नाही मेले. पण तू रोज त्या दाराआड स्वतःची बोटं धरून उभी करतोस ना, ते मला आता सोसवत नाही."